ते छोटं

"काल तुम्हाला बघितलं मी, ताई," धाकटी म्हणाली. सोमवारची सकाळ होती. पाण्याच्या नमुन्यांचे क्रेट नुकतेच आले होते आणि दोघी टेबलाशी उभ्या राहून बाटल्यांवरचे नंबर वहीतल्या नंबरांशी ताडून बघत होत्या. "बसमधून दिसलात. सिग्नलला थांबलो होतो. तुम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतात, हातात पुस्तक होतं. कुणाचं लग्न होतं का?" ताईंनी एकशे बारा नंबरची बाटली उजेडात धरली होती. ती तशीच धरून त्या म्हणाल्या, "नाही गं. मी दर रविवारी जाते." धाकटीचं पेन थांबलं. "दर रविवारी?" "हो. लहानपणापासून." "एकशे बारा," असं म्हणून धाकटीने वहीत खूण केली आणि पुढची बाटली उचलली. वीसेक बाटल्या झाल्यावर मात्र ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली, "नऊ वर्षं एका टेबलाशी उभ्या आहोत आपण. कमाल आहे."

कमाल आहे. दोनच शब्द, तेही रागाने म्हटलेले नाहीत. पण ते ताईंच्या मागे लागले. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या त्या प्रयोगशाळेत त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. शहरभरच्या नळांचं पाणी रोज सकाळी बाटल्यांत भरून यायचं. त्या ते बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायच्या, तो कागद काचेच्या छोट्या थाळीत ठेवायच्या, थाळ्या उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघायच्या. थाळी कोरी असली की पाणी चांगलं. ठिपके उगवले की जमिनीखाली कुठेतरी काहीतरी फुटलंय, झिरपतंय. बहुतेक थाळ्या कोऱ्याच निघायच्या, आणि कोऱ्या थाळीबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. ताईंना त्याची सवय होती. खरं म्हणजे त्यांना ते आवडायचंच. धाकटी इथे आली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. तिच्यामागून दोघं-तिघं आले तरी नाव काही बदललं नाही. ताईंना सगळे ताईच म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा, आणि साहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते. ताईंना बिनसाखरेचा चहा लागतो, जिना उतरताना त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, त्यांचा एकुलता एक भाऊ परदेशात आहे आणि महिन्यातून एकदा फोन करतो, कुणी शीळ घातली की त्यांचं डोकं उठतं, हे सगळं धाकटीला पाठ होतं. एवढी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. ताईंनी ती लपवली नव्हती. कुणी विचारलं असतं तर सांगितली असती. पण कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी तर फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की आपण बोलायचं नाही, करायचं. जगण्यातून दिसेल. ज्याला बघायचंय तो बघेल. नऊ वर्षं रोज आठ तास एका टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीला जर ते दिसलं नसेल, तर मग आपण इतकी वर्षं नेमकं काय दाखवत होतो, असा प्रश्न त्यांना एकशे चाळीस नंबरच्या बाटलीपाशी पडला, आणि त्यांनी तो नंबर दोनदा वाचला.

ठरवून टाकलं होतं, हे आपलं म्हणायचं. ठरवायला तेव्हा ताईंचं वय तेरा होतं. बाबा एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि संध्याकाळी काम सुटलं की बस स्टँडवर जाऊन उभे राहायचे. हातात स्वतः छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा, बोटांना शाई, आणि आवाज असा की पलीकडच्या फलाटावरच्या माणसानेही मान वळवावी. ते देवाबद्दल बोलायचे. कुणी ऐको न ऐको, बसेस येवोत जावोत, ते बोलायचे. लोक पत्रक घ्यायचे आणि चार पावलांवर टाकून द्यायचे. शेवटची बस गेली की बाबा वाकून वाकून ती गोळा करायचे, झटकायचे आणि बरी असतील ती पुन्हा गठ्ठ्यात ठेवायचे. एके दिवशी ती शाळेतून तीन मैत्रिणींबरोबर त्याच स्टँडवरून चालली होती. एक जण म्हणाली, "तो बघ, ओरड्या आज पण आलाय," आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच मोठ्याने हसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्यांनी हळूच पाठ फिरवली आणि तिकीटखिडकीच्या बंद फळीकडे तोंड करून, तिथे कुणीही नसताना, बोलणं चालू ठेवलं, मुली लांब जाईपर्यंत. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आज शाळेत काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते त्या स्टँडवर गेले नाहीत. दोन मैल पुढच्या स्टँडवर जायला लागले, आणि घरी यायला त्यांना तासभर उशीर व्हायला लागला. या विषयावर बापलेकीत पुढे कधीच बोलणं झालं नाही. ते गेले तेव्हा मोजकी माणसं आली होती, आणि त्यातला एक जण निघताना म्हणाला होता, "आवाज काय होता हो त्यांचा." ताईंना त्या वेळी हसू आलं होतं आणि हसू आल्याबद्दल पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. पण बस स्टँडच्या त्या संध्याकाळनंतर एक गोष्ट पक्की झाली होती. देवाचं आपल्याकडे जे काही आहे ते आवाज न करता ठेवायचं. त्याला त्या तत्त्व म्हणायच्या. भीतीला तत्त्व म्हणण्याची सोय आपण करून घेतली असेल का, हा विचार त्यांच्या मनात इतक्या वर्षांत आला नव्हता असं नाही, पण आला की त्या लगेच काहीतरी कामाला लागायच्या.

दुपारी दोघी मोरीत बाटल्या धूत होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, एक विचारू? राग मानू नका." "विचार की." "तुम्ही प्रार्थना वगैरे करत असाल ना? घरी?" "करते." धाकटीने हातातली बाटली उपडी ठेवली. "मग मागच्या वर्षी, मी परत कामावर आले तेव्हा, तुम्ही मला काहीच कसं म्हणाला नाहीत?"

मागच्या वर्षी धाकटीला आठवा महिना होता. एका गुरुवारी ती आली नाही, शुक्रवारी कळलं की बाळ पोटातच गेलं. तीन आठवड्यांनी ती कामावर आली तेव्हा तिचा चेहरा कुणीतरी घाईघाईने पुसल्यासारखा झाला होता. प्रत्येकाने तिला एकेक वाक्य दिलं. अजून वय आहे. देवाच्या मनात काही वेगळं असेल. पुढे व्यंग निघालं असतं तर जन्मभर पुरलं असतं, त्यापेक्षा हे बरं. साहेब म्हणाले, कामात मन रमव. धाकटी सगळ्यांना मान हलवून "हो" म्हणत होती. ताईंनी ती वाक्यं ऐकली आणि ठरवलं की आपण त्यात भर घालायची नाही. देवाचं नाव तर नाहीच घ्यायचं. देवाचं नाव तिने त्या तीन आठवड्यांत पुरेसं ऐकलं असेल. त्याऐवजी त्या दिवसापासून त्यांनी गुपचूप तिचं निम्मं काम स्वतःकडे ओढलं. ती यायच्या आधी तिच्या वाट्याच्या बाटल्या आपल्या बाजूला घ्यायच्या, तिच्या थाळ्या मोजून ठेवायच्या, मोरीतलं धुणं उरकून टाकायचं. दोन महिने त्या तासभर आधी येत होत्या. गुडघा सुजला तरी कुणाला बोलल्या नाहीत. आणि खोटं कशाला सांगायचं, त्या दोन महिन्यांत त्यांना बसमध्ये बसल्या बसल्या एक प्रकारचं समाधान वाटायचं, की बघा, हे असं करायचं असतं.

"मी बोलले नाही, पण..." ताई म्हणाल्या.

"तुम्ही माझ्या बाटल्या काढून घेतल्यात."

"तुला त्रास नको म्हणून गं."

"मला कसं कळणार ते?" धाकटीचा आवाज चढला नव्हता. ती नळाच्या धारेकडे बघत बोलत होती. "घरी मला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. नणंदेने तिचं बाळ माझ्याकडे द्यायचं बंद केलं होतं. मी हात पुढे केला की ती म्हणायची, राहू दे वहिनी, तू दमली असशील. म्हटलं, कामावर तरी जाऊ. तर इथे माझ्या टेबलावर काही नाहीच. थाळ्या मोजलेल्या, बाटल्या धुतलेल्या. मला वाटलं, तुम्हालाही माझा हात नको झालाय. हिच्या हातून काही धड होत नाही असं तुम्हालाही वाटतंय. मी नुसती उभी राहायचे, ताई. हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही. एक दिवस तर मी धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या." मोरी तुंबली होती, पाणी काठापर्यंत आलं होतं. धाकटीनेच हात घालून जाळीवरचा कागद काढला. "जाऊ दे. आता काय त्याचं," ती म्हणाली आणि हात पुसून निघून गेली.

संध्याकाळी ताईंनी घराचं कुलूप काढलं, चपला जागेवर ठेवल्या, दिवा लावला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. गुडघे टेकणं आता जमत नव्हतं, म्हणून गेली काही वर्षं त्या बसूनच प्रार्थना करायच्या, मनातल्या मनात, ओठही न हलवता. यादी ठरलेली. भाऊ. भावाची बायको. साहेबांची अंथरुणाला खिळलेली आई. खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे मास्तर. धाकटी. आणि धाकटीनंतर, चौदा महिने एक दिवस न चुकता, ते छोटं. ज्या शुक्रवारी कळलं त्या संध्याकाळी काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. जे जन्मलंच नाही त्याच्यासाठी कसली प्रार्थना करायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. खूप वेळाने एकच वाक्य आलं, लहान मुलाने म्हणावं तसं: प्रभू, ते छोटं तुझ्याकडे आहे, त्याला थंडी वाजू देऊ नकोस. आलं ते आलं, आणि मग तेच राहिलं. आज मात्र यादी धाकटीपाशी येऊन अडली. पुढचं वाक्य जिभेच्या मागे तयार होतं, पण ते म्हणताना आपण दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता वापरतोय असं वाटायला लागलं. तिच्या बाटल्या घेतल्या तशीच ही. घेताना हेतू चांगला होता, तसाच हाही. त्या खुर्चीत बसून राहिल्या. खालून मास्तरांच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. आपण मास्तरांसाठीही वर्षानुवर्षं प्रार्थना करतो आणि जिन्यात भेटलो की "आज उकडतंय" एवढंच म्हणतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळ्या यादीत एकही माणूस असं नव्हतं ज्याला आपण यादीत आहोत हे ठाऊक होतं. भावालासुद्धा नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दोघी मागच्या जिन्यावर डबे उघडून बसल्या होत्या. ताईंनी सकाळपासून वाक्य जुळवलं होतं, ते त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. बाळासाठीही करते. गेले चौदा महिने. तुला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं."

धाकटीचा घास हातातच राहिला. "बाळासाठी?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ताईंना वाटलं होतं ती रडेल. किंवा त्यांचा हात धरेल. या दोन्हींची त्यांनी मनात तयारी केली होती, आणि अशी तयारी केली होती याचीच आता त्यांना लाज वाटली, कारण धाकटीचा चेहरा रागाने बारीक झाला होता. "माझ्या घरात कुणी त्याचा विषय काढत नाही," ती म्हणाली. "नवरा काढत नाही. मी काढला तर उठून जातो. सासूबाई म्हणतात विसर, आई म्हणते विसर. मला वाटत होतं, हे फक्त माझ्याच डोक्यात उरलंय, आणि मीही विसरले की संपलं, मग ते नव्हतंच कधी. आणि तुम्ही रोज घरी बसून... मला न विचारता? मला एका शब्दाने न सांगता?" तिने डबा बंद केला, झाकण नीट बसेना तर तसाच पिशवीत कोंबला. "माझ्या बाळाबद्दल रोज कुणीतरी बोलत होतं, आणि ते माणूस तीन फुटांवर उभं होतं, ताई. तीन फुटांवर."

बुधवारी धाकटीने साहेबांकडून खालच्या खोलीत बदलून घेतलं, जिथे पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण बघतात. साहेब वर आले, रिकाम्या बाजूकडे बघत म्हणाले, "काय झालं तुम्हा दोघींचं? नऊ वर्षांत कधी आवाज नाही." "माझं चुकलं," ताई म्हणाल्या. "काय चुकलं?" "सांगायचं ते आधी सांगितलं नाही. मग सांगितलं." साहेबांनी थोडा विचार केला. "आमच्या घरी मी दोन्हीसाठी बोलणी खातो," असं म्हणून ते निघून गेले. टेबल अचानक लांबलचक झालं. ताईंनी नंबर वाचायचे आणि खूणही त्यांनीच करायची. वाचून वहीकडे वळेपर्यंत नंबर विसरायचा, परत बाटलीकडे वळायचं. धाकटीचा पांढरा डगला खुंटीवर तसाच होता, तिने खाली दुसरा घेतला होता. जिन्यात दोनदा समोरासमोर आल्या. दोन्ही वेळा धाकटीने नेहमीसारखी बाजूला सरून वाट दिली, ताईंच्या गुडघ्यासाठी, आणि खाली बघत पुढे निघून गेली. या दिवसांत ताईंना एक विचित्र गोष्ट जाणवत होती. एकटेपणा त्यांना नवा नव्हता. आई गेली, बाबा गेले, भाऊ लांब गेला, लग्न जमता जमता राहिलं, प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या होत्या, आहे ना तो बरोबर. आणि तो होताही. पण आता वाटत होतं की तो आणि आपण दोघांनी मिळून एका खोलीत दार लावून घेतलं होतं, आणि बाहेर कुणी ताटकळत उभं आहे की नाही हे दोघांपैकी निदान एकाने तरी बघायला हवं होतं.

रविवारी उपासनेत, गाणी संपल्यावर, पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?" दर आठवड्याला दोघं-तिघं उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचे. कुणाचा आजार बरा झालेला, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली, एक निवृत्त बस ड्रायव्हर होते ते वर्षातून दोनदा तरी तोच ब्रेक निकामी झाल्याचा प्रसंग सांगायचे आणि दर वेळी उतार थोडा अधिक तीव्र होत जायचा. ताई मागून दुसऱ्या बाकावर बसून हे सगळं हवामानाच्या बातम्या ऐकाव्या तसं ऐकायच्या. साक्ष द्यायला काहीतरी घडावं लागतं, आपल्या आयुष्यात काय घडलंय. आज ड्रायव्हर बसले आणि ताईंच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. माना वळल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षं जी बाई शेवटी येऊन शेवटी जाते ती उभी राहिली म्हणून पाळकांच्याही भुवया वर गेल्या. "मी," ताई म्हणाल्या, आणि घसा साफ केला. "मी कामावर एका मुलीच्या शेजारी उभी राहते. नऊ वर्षं. तिच्यावर मोठं दुःख आलं. मी तिच्यासाठी प्रार्थना केली. तिला ते माहीत नव्हतं." इथे काहीतरी पुढे असायला हवं होतं. सगळे वाट बघत होते. ड्रायव्हरनी वळून, प्रोत्साहन देत, मान हलवली. पण पुढे काही नव्हतं. जे झालं ते एवढंच होतं. "एवढंच," त्या म्हणाल्या आणि बसल्या. मग पाळक हळूच "आमेन" म्हणाले, आणि त्यामागून बाकीचे. शेजारच्या म्हातारबाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि कानाशी विचारलं, "मग ती मुलगी येणार का आपल्याकडे?" ताई "नाही हो" म्हणाल्या. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर त्या थोडा वेळ थांबल्या. सिग्नलला एक बस उभी होती. खिडक्यांतली माणसं आपापल्या फोनमध्ये बघत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी, पाच वाजत आले होते, सगळे निघाले होते, ताई उबेच्या कपाटात दिवसाच्या शेवटच्या थाळ्या लावत होत्या. मागे कुणीतरी आल्याचं त्यांना कळलं. धाकटी दारात उभी होती, खांद्याला पिशवी.

"काय म्हणता?" तिने विचारलं.

"कधी?"

"रोज. बाळासाठी. नेमकं काय म्हणता?"

ताईंनी कपाटाचं दार लावलं. ते वाक्य त्यांनी कधी ओठांवरही आणलं नव्हतं. माणसाच्या कानाने ऐकण्याजोगं ते आहे की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. "फार काही नाही गं. साधंच आहे."

"सांगा तरी."

"म्हणते की, ते छोटं तुझ्याकडे आहे. त्याला थंडी वाजू देऊ नकोस."

धाकटी आत आली आणि तिच्या जुन्या बाजूला टेबलाला टेकली. मग तिने विचारलं, "थंडी का?"

"काय माहीत. मला त्या दिवशी वाटलं, दवाखान्यातल्या खोल्या गार असतात."

"हिरव्या फडक्यात गुंडाळलं होतं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, ती समोरच्या भिंतीशी बोलत असल्यासारखी सावकाश बोलत होती. "मला एकदाच दाखवलं. फडकं आखूड होतं, पाय बाहेर होते. मी नर्सला म्हटलं, अहो, पाय झाका. ती म्हणाली, हो हो, झाकते. आणि घेऊन गेली. झाकले की नाही, मला माहीत नाही. कुणाला विचारणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, असलं काय विचारतेस." ती थांबली. "मुलगी होती, ताई. 'त्याला' नका म्हणू."

ताईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. चौदा महिने. रोज. आणि त्यांना एवढंही माहीत नव्हतं, कारण एवढं विचारायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कुणी विचारलंच नाही. नाव पण होतं. मी ठेवलं होतं, मनात. कुणाला सांगितलं नाही." आणि तिने ते नाव सांगितलं. दोन अक्षरांचं, साधं. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की कपाटाच्या घरघरीत तो जवळजवळ बुडाला, पण ताईंनी तो ऐकला. "मी तुमच्या देवाला मानत नाही," धाकटी पुढे म्हणाली. "मला सध्या कुणाबद्दलच काही वाटत नाही. मला कुठे यायचं पण नाहीये. पण म्हणायचं तर नावाने म्हणा."

"म्हणेन."

"आत्ता म्हणा. मला ऐकायचंय."

बाहेर व्हरांड्यात सफाईवाल्या बाईंची बादली सरकत होती. दार उघडंच होतं. डोळे मिटावेत की नाही, इथून सुरुवात होती. मिटले तर धाकटीला नाटकी वाटेल, नाही मिटले तर शब्द येणार नाहीत. शेवटी त्यांनी टेबलाच्या कडेकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "प्रभू." आवाज फाटका निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. मग ते नाव घेतलं. मग म्हणाल्या, "ती तुझ्याकडे आहे. तिला थंडी वाजू देऊ नकोस." आणि मग जे यादीत नव्हतं ते आपोआप आलं, "तिचे पाय नीट झाक. तिच्या आईला बघायला मिळालं नाही, म्हणून तू बघ." बादली थांबली होती. सफाईवाल्या बाई दारातून आत डोकावल्या आणि पुढे गेल्या.

धाकटीने हात जोडले नव्हते, डोळेही मिटले नव्हते. ती ताईंच्या तोंडाकडे एकटक बघत होती. संपल्यावरही थोडा वेळ बघत राहिली. मग पिशवीचा पट्टा नीट केला. "मी महिनाभर खालीच आहे," ती म्हणाली. "साहेबांनी तसं लावलंय."

"बरं."

"मी अजून रागावलेय तुमच्यावर."

"हो."

दारापर्यंत जाऊन ती वळली. "किती वाजता म्हणता हे?"

"संध्याकाळी. साडेसातला."

"रोज साडेसातलाच?"

"रोज."

"बरं," धाकटी म्हणाली. "म्हणजे मला माहीत असेल." तिची पावलं जिन्यावरून खाली गेली, आणि खालचं दार लागल्याचा आवाज आला.

ताई घरी आल्या, चपला काढल्या, दिवा लावला. खुर्चीत बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात वाजून पंचवीस मिनिटं. हे घड्याळ कितीतरी वर्षं चार-पाच मिनिटं पुढे होतं, आणि एकट्या बाईला त्याने काही फरक पडत नव्हता. त्या उठल्या. स्टूल ओढून त्यावर चढल्या, भिंत धरत, दुखरा गुडघा सांभाळत, आणि घड्याळ खाली काढलं. खाली मास्तरांच्या रेडिओवर कुणीतरी वेळ सांगितली. त्या वेळेशी त्यांनी काटा जुळवला, घड्याळ परत खिळ्याला लावलं, आणि साडेसात व्हायची वाट बघत बसल्या.